तीन तासांसाठी अठ्ठेचाळीस तासांचं ओझं

"गेमिंग लॅपटॉपच घे. ज्याच्यावर गेम चालतो त्याच्यावर काम चालतंच." कुणी नवा लॅपटॉप घ्यायचं काढलं आणि 'कधीमधी गेमही खेळेन' एवढं बोलून गेलं, की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. कॉलेजातला मित्र सांगतो, ऑफिसातला सहकारी सांगतो, दुकानातला मुलगा तर रंगीत दिव्यांचा कीबोर्ड उजळून दाखवतो. सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण सल्ला चुकीचा आहे, आणि तो मानून कितीतरी घरांतले कष्टाचे पैसे चुकीच्या जागी जातात, असं माझं ठाम मत आहे.

आधी समोरच्या बाजूचं म्हणणं नीट मांडतो, कारण ते पोकळ नाही. एक, जे यंत्र जड काम पेलतं ते हलकं काम सहज पेलतं. दोन, त्यात स्वतंत्र ग्राफिक्स चिप मिळते, आणि 'आरटीएक्स' लिहिलेलं असलं की खेळाची चिंता मिटते. तीन, ताकदीचं यंत्र जास्त वर्षं टिकतं. आज थोडे जास्त घातले की पाच वर्षं बघायला नको. चार, स्वतंत्र चिप नसलेल्या लॅपटॉपवर गेम चालतच नाहीत, म्हणजे दुसरा पर्यायच उरत नाही. चारही मुद्दे ऐकताना पटतात. २०२१ साली मलाही पटले होते. तेव्हा घेतलेलं यंत्र मी चार वर्षं वापरलं, आणि पुढे जे लिहितो आहे त्यातलं बरंचसं त्या चार वर्षांनी शिकवलेलं आहे.

माझा व्यवसाय हिशेबाचा. राहतो कोल्हापुरात, आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांची पुस्तकं लिहायला जातो. टॅली, एक्सेल, जीएसटीचं पोर्टल आणि ब्राउझरमध्ये एकाच वेळी उघडलेल्या पंधरा-वीस खिडक्या, हे माझं रोजचं काम. दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि २० तारखेपर्यंत ३बी भरायची असते, त्या दिवसांत लॅपटॉप हातातून सुटत नाही. खेळ म्हणाल तर आठवड्यातली एक रात्र. नाशिकचा धाकटा भाऊ आणि मी 'एज ऑफ एम्पायर्स' खेळतो. आमच्या दोघांच्या गप्पा होण्याची तीच वेळ, म्हणून ती मी सोडत नाही. तो वेळ वाया जातो असं मला कधी वाटलेलं नाही.

आता तास मोजू. सहा दिवस, रोज आठ तास, म्हणजे अठ्ठेचाळीस तास काम. खेळ तीन तास. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर २,४०० तास काम आणि १५० तास खेळ. शंभर तासांतले सहा तास खेळाचे, चौऱ्याण्णव कामाचे. 'गेमिंगच घे' हा सल्ला त्या सहा तासांकडे बघून यंत्र निवडायला सांगतो आणि उरलेल्या चौऱ्याण्णवांना 'चालतंच' या एका शब्दात उरकतो. माझं सगळं भांडण त्या 'चालतंच'शी आहे.

जड पेलणारं हलकं पेलतं, हा पहिला मुद्दा. टॅली चालेल का, एक्सेल चालेल का, असं विचारलं तर उत्तर 'हो' आहे, पण ते कुठल्याही बऱ्या लॅपटॉपला लागू आहे. बरा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी एवढं असलं की ही कामं सुरळीत होतात, आणि हे तिन्ही आज दोन्ही जातींच्या लॅपटॉपांत मिळतं. ग्राफिक्सच्या चिपला या कामात करण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं. कामाला खरोखर लागते ती दिवसभर पुरणारी बॅटरी, खांद्याला सोसेल एवढं वजन, डोळ्यांना बरी वाटणारी स्क्रीन आणि शांतता. ग्राफिक्सच्या चिपचा खर्च नेमका यांच्याच खात्यातून वळता होतो.

बॅटरीचं गणित साधं आहे. ६० वॉट-तासांची बॅटरी धरा. साधं काम करताना यंत्र सात-साडेसात वॉट घेत असेल तर ती आठ तास जाते. पंधरा वॉट घेत असेल तर चार तासांत संपते. गेमिंग लॅपटॉप शांत बसलेला असतानाही जास्त वीज घेतो, कारण त्यातला प्रोसेसर वेगाच्या मागे असतो आणि स्क्रीन सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी असते. नको तेव्हा ग्राफिक्सची चिप बंद ठेवायची सोय एनव्हीडियाने २०१० सालीच आणली, पण एखादा प्रोग्राम किंवा जोडलेली दुसरी स्क्रीन त्या चिपला जागं ठेवते; कितीतरी मॉडेलांत एचडीएमआयचं तोंड थेट त्या चिपलाच जोडलेलं असतं. माझं यंत्र नवं असताना चार्जरविना तीन तास चालायचं. दीड वर्षात ते दोनवर आलं. ज्या खोलीत बसून मी पुस्तकं लिहायचो तिथे एकच प्लग हाताशी होता आणि तो संगणक व प्रिंटरसाठी अडकलेला असायचा. वीज गेली की मागांचा खडखडाट थांबायचा आणि माझंही काम थांबायचं. ३बीच्या आदल्या दिवशी ही अडचण किरकोळ वाटत नाही.

बॅटरीवर गेम तरी खेळता येतो का? तोही धड येत नाही. खेळताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून १२० वॉट घेत असतील तर ६० वॉट-तासांची बॅटरी अर्ध्या तासात रिकामी होईल. बॅटरीतून एवढी वीज झटक्यात ओढताही येत नाही, म्हणून प्लग काढला की यंत्र स्वतःच वेग उतरवतं. म्हणजे गेमिंग लॅपटॉपवरचा खेळ बहुतेक वेळा भिंतीला जोडूनच होतो. ज्या गुणासाठी लॅपटॉप घ्यायचा, तो म्हणजे वाटेल तिथे बसून वापरणं. इथे तो कामातही कमी आणि खेळातही कमी.

वजनाचं तसंच. माझं यंत्र दोन किलो तीनशे ग्रॅमचं होतं, आणि त्याचा २३० वॉटचा ॲडाप्टर धरून पिशवीत तीन किलोंच्या वर जायचं. त्यात कागदपत्रांच्या फायली. कोल्हापूर-इचलकरंजी एसटीत जागा मिळाली नाही तर हे सगळं खांद्यावर. आज मी वापरतो तो लॅपटॉप दीड किलोच्या आतला आहे, त्याचा ६५ वॉटचा चार्जर तळहातात मावतो आणि त्याच चार्जरवर फोनही चार्ज होतो. चार्जर घरी विसरला तर समोरच्याच्या फोनचा जास्त वॉटचा टाइप-सी चार्जर मागता येतो. २३० वॉटचा जाड पिनचा ॲडाप्टर विसरलात तर त्या दिवसापुरतं दुसऱ्याकडे मागायची सोय नाही.

स्क्रीनबद्दल लोक सगळ्यात कमी विचारतात आणि तिच्याकडेच सगळ्यात जास्त वेळ बघतात. कमी किमतीतल्या गेमिंग लॅपटॉपांत पैसा चिपवर खर्च झालेला असतो, म्हणून स्क्रीनवर काटकसर होते. तपशिलाच्या कागदावर '४५ टक्के एनटीएससी' आणि '२५० निट्स' असं लिहिलेलं दिसलं तर समजावं की रंग फिके आहेत आणि खिडकीजवळ बसलं की डोळे ताणावे लागतील. शिवाय यांतल्या पुष्कळ स्क्रीन १९२० बाय १०८० च्या, सिनेमासारख्या आडव्या. कामासाठी बनवलेल्या लॅपटॉपांत आता १९२० बाय १२०० सर्रास मिळते. उंची ११ टक्के जास्त. खातेवहीच्या तेवढ्या ओळी एका नजरेत जास्त दिसतात. दिवसाला शेकडो वेळा वर-खाली सरकवणाऱ्या माणसाला या ११ टक्क्यांची किंमत कळते.

शेवटी आवाज आणि उष्णता. यंत्रात जेवढी वीज जाते तेवढी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती बाहेर काढायला पंखे जोरात फिरतात. इचलकरंजीत मागांच्या जवळ हवेत कापसाची बारीक धूळ तरंगत असते. दोन मोठ्या पंख्यांनी भराभर हवा ओढणाऱ्या यंत्राने ती धूळही भराभर ओढली. दर सहा महिन्यांनी ते उघडून साफ करून घ्यावं लागायचं. कामाची जागा वेगळी असेल त्याला धुळीचा त्रास होणार नाही. पण वाचनालयात, वर्गात किंवा ऑनलाइन बैठकीत पंख्यांचा घोंघाट सगळ्यांनाच नको असतो.

या पहिल्या मुद्द्यात समोरच्यांची एक गोष्ट मला मान्य आहे. पंधरा इंची गेमिंग लॅपटॉपला उजवीकडे आकड्यांचा वेगळा कीबोर्ड असतो, आणि हिशेबनिसाला तो हवाच. चौदा इंची हलक्या लॅपटॉपला तो नसतो. पण काही शे रुपयांत यूएसबीला जोडायचा वेगळा नंबरपॅड मिळतो, आणि आकड्यांचा कीबोर्ड असलेले सोळा इंची हलके लॅपटॉपही आहेत. त्यासाठी ग्राफिक्सची चिप विकत घ्यायची गरज नाही.

दुसरा मुद्दा 'आरटीएक्स लिहिलंय ना?' हा. इथे सर्वांत मोठी फसगत होते, कारण लॅपटॉपवरच्या स्टिकरवर चिपचं नाव असतं, तिला किती वीज मिळते ते नसतं. एनव्हीडियाच्या लॅपटॉपसाठीच्या आरटीएक्स ४०५०, ४०६० आणि ४०७० या तिन्ही चिप ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवायची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला आहे. एकाच नावाच्या दोन यंत्रांतल्या विजेत तिपटीहून जास्त फरक असू शकतो. पातळ यंत्रात कोंबलेली, थोड्या वॉटवर अडवलेली वरच्या क्रमांकाची चिप आणि पूर्ण वॉट मिळालेली खालच्या क्रमांकाची चिप यांच्यातलं अंतर कागदावर दिसतं तेवढं प्रत्यक्षात उरत नाही. पैसे मात्र वरच्या क्रमांकाचे मोजलेले असतात.

डेस्कटॉपच्या नावाशी लॅपटॉपच्या नावाची तुलना करणं तर त्याहून चुकीचं. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० ला १२ जीबी मेमरी आहे, लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०७० ला ८ जीबी. नाव एक, आतली चिपच वेगळी. दुकानात 'किती वॉटची?' असा प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर ते उत्पादकाच्या तपशील-पत्रकात शोधा, आणि तिथेही सापडलं नाही तर ते यंत्र सोडा. ज्याला नेमकी किती ताकद मिळते हेच सांगता येत नाही, ते ताकदीसाठी का घ्यायचं?

तिसरा मुद्दा टिकण्याचा, आणि मध्यमवर्गीय घरात याचंच वजन सगळ्यात जास्त पडतं. एकदाच खर्च करावा आणि मोकळं व्हावं, ही भावना मला समजते. पण आयकराच्या नियमांत फर्निचरवर घसारा १० टक्के आणि संगणकावर ४० टक्के धरतात, तो उगाच नाही. लाखाचं यंत्र पुस्तकात पहिल्या वर्षानंतर ६० हजारांचं, दुसऱ्यानंतर ३६ हजारांचं आणि तिसऱ्यानंतर २१,६०० रुपयांचं उरतं. संगणक लवकर जुना होतो हे करखात्यालाही मान्य आहे, आणि त्यातली खेळाची बाजू सगळ्यात आधी जुनी होते.

माझ्याच यंत्राचं घ्या. त्यातल्या ग्राफिक्स चिपला ४ जीबी मेमरी होती. २०२१ साली ती पुरेशी आहे असं सांगितलं गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आला, तो किमान ८ जीबी मेमरीची आणि रे-ट्रेसिंग करू शकणारी ग्राफिक्स चिप मागतो. म्हणजे मोठ्या नव्या खेळांसाठी म्हणून जी चिप घ्यावी, तिच्या हाती साडेतीन वर्षांतच नवा मोठा खेळ लागेना. लॅपटॉपातली ग्राफिक्स चिप पक्की डाखलेली असते, ती बदलता येत नाही. उद्याच्या खेळांची तजवीज आज करता येते ही समजूतच खरी नाही. कामाची बाजू मात्र सावकाश जुनी होते. चांगली स्क्रीन, चांगला कीबोर्ड आणि हलकं वजन पाचव्या वर्षीही पहिल्या वर्षाइतकंच उपयोगी पडतं. टिकाऊपणाच बघायचा असेल तर पैसा या गोष्टींत घालावा.

टिकण्याच्या मुद्द्यात समोरच्यांचा एक दावा मात्र पूर्ण खरा आहे, आणि तो झाकून ठेवणं अप्रामाणिक ठरेल. गेमिंग लॅपटॉपांत बहुधा रॅमचे दोन खाचे असतात, पुष्कळदा एसएसडीलाही दुसरी जागा असते. दोन वर्षांनी रॅम वाढवता येते. हलक्या लॅपटॉपांत रॅम पुष्कळदा डाखलेली असते. इंटेलच्या २०२४ सालच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजात बसवलेली आहे. ज्या दिवशी घेतली तेवढीच शेवटपर्यंत. म्हणून माझं सांगणं असं की डाखलेल्या रॅमचा लॅपटॉप घ्यायचा तर १६ जीबीपेक्षा कमी घेऊच नका, आणि झेपत असेल तर ३२ घ्या. ग्राफिक्सच्या चिपचे वाचलेले पैसे इथे घातले तर ते पाच वर्षं रोज उपयोगी पडतात.

चौथा मुद्दा सगळ्यात जुन्या आठवणीवर उभा आहे. स्वतंत्र चिप नसली की गेम चालतच नाहीत, ही आठवण दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या यंत्रांची आहे, आणि त्या यंत्रांच्या बाबतीत ती बरोबरच होती. पण मधल्या काळात प्रोसेसरच्या पोटातली ग्राफिक्स कुठल्या कुठे गेली. याचा उत्तम पुरावा म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आणलेला स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा संगणक. त्यात वेगळी ग्राफिक्स चिप नाहीच. एएमडीची एकच चिप, तिला जास्तीत जास्त १५ वॉट, आणि तिच्यात ग्राफिक्सचे आठ गट. एवढ्यावर लोक 'एल्डन रिंग'सारखा मोठा खेळ खेळतात. स्क्रीन १२८० बाय ८०० ची आहे आणि चित्राची सजावट कमी ठेवावी लागते, हे खरं. पण खेळ खेळला जातो. २०२३ पासून लॅपटॉपांत आलेल्या एएमडीच्या रेडिऑन ७८०एम या आतल्याच ग्राफिक्समध्ये असे बारा गट आहेत, तेही नव्या पिढीचे. इंटेलचे आर्क ग्राफिक्स असलेले कोअर अल्ट्रा प्रोसेसरही याच रांगेत येतात.

शिवाय 'कधीमधी' खेळणारी माणसं खेळतात काय, तेही बघायला हवं. 'व्हॅलोरंट'च्या किमान गरजेत त्याच्या निर्मात्यांनी इंटेलचं एचडी ४००० लिहिलं आहे, जे २०१२ सालच्या प्रोसेसरांत होतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली बनवलेला 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' हा सुंदर खेळ आधी निन्टेन्डो स्विचवर आला, आणि स्विच २०१७ सालचं हातात मावणारं यंत्र आहे. माझं 'एज ऑफ एम्पायर्स' तर जुन्या खेळाचीच नवी आवृत्ती. 'माइनक्राफ्ट', 'स्टार्ड्यू व्हॅली', बुद्धिबळ, क्रिकेटचे खेळ, या यादीतल्या कशालाही शंभर वॉटची चिप लागत नाही.

पण आतल्या ग्राफिक्सवर भरवसा ठेवायचा तर दोन सापळे ओळखता यायला हवेत, नाहीतर माझाच सल्ला उलटेल. पहिला रॅमचा. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती यंत्राची रॅम वापरते. रॅमची एकच स्टिक बसवलेली असली तर तिच्याकडे जाणारा रस्ता निम्मा अरुंद होतो आणि खेळ अडखळतो. इंटेलचं आयरिस एक्सई तर एकाच स्टिकवर स्वतःचं नावसुद्धा साधं 'यूएचडी ग्राफिक्स' असं दाखवतं. म्हणून ८ जीबीची एक स्टिक असलेल्या यंत्रावर खेळून 'बघा, चालत नाही' असं म्हणणं अन्यायाचं आहे. ८ अधिक ८ अशा दोन स्टिक घाला आणि मग बघा.

दुसरा सापळा नावांचा. एएमडीचे रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ७ ७८४०यू हे दोन्ही प्रोसेसर '७०००' मालिकेतलेच. पण आकड्यातला तिसरा अंक आतल्या रचनेची पिढी सांगतो: ७५२० मधला २ म्हणजे झेन २, ७८४० मधला ४ म्हणजे झेन ४. पहिल्यात ग्राफिक्सचे दोन गट, दुसऱ्यात बारा. इंटेलमध्ये कोअर अल्ट्रा ७ १५५एच आणि १५५यू यांत एका अक्षराचाच फरक, पण एच मध्ये ग्राफिक्सचे आठ गाभे आणि यू मध्ये चार. हे एक अक्षर, हा एक अंक काउंटरवर कुणी समजावून सांगत नाही. तो घेणाऱ्यानेच वाचायचा असतो.

इतकं लिहूनही गेमिंग लॅपटॉप कुणी घेऊच नये, असं माझं म्हणणं नाही. माझी भाची पुण्यात ॲनिमेशन शिकते. ब्लेंडरमध्ये दृश्यं रेंडर करायला तिला रोज पाच-सहा तास ग्राफिक्सची चिप लागते. तिने विचारलं तेव्हा मी तिला गेमिंग लॅपटॉपच घ्यायला सांगितला, आणि वॉट बघून घ्यायला लावला. तिच्या हिशेबात ती चिप कामाच्या खात्यात पडते. मशीन लर्निंग शिकणाऱ्यांना एनव्हीडियाची चिप उपयोगाची असते, कारण त्या क्षेत्रातली पुष्कळशी साधनं तिच्याच क्युडा प्रणालीवर उभी आहेत. त्रिमितीय आराखडे फिरवून दाखवणाऱ्या आर्किटेक्टचं तेच. आणि ज्याचा लॅपटॉप टेबलावरून हलतच नाही, सदैव प्लगमध्ये असतो, त्याला बॅटरी आणि वजन यांचा तोटा लागतच नाही. त्याने फक्त स्क्रीन आणि आवाज बघावा. जो रोज रात्री दोन-तीन तास नवे मोठे खेळ खेळतो तो 'कधीमधी'चा खेळाडू नव्हेच. त्याने मनाला पटेल ते घ्यावं, आणि शक्य असेल तर कामाला हलका लॅपटॉप आणि खेळाला घरात डेस्कटॉप किंवा टीव्हीला जोडायचा कन्सोल ठेवावा.

दुसऱ्या टोकालाही एक सल्ला आहे, आणि तोही मला मान्य नाही. "गेम कसले खेळायचेत? कामापुरता स्वस्तातला घे," असं घरातली मोठी माणसं सांगतात. त्यामागे काळजी असते हे मी जाणतो. पण त्या सल्ल्यातून घरात येतं ते बहुधा ८ जीबीची डाखलेली रॅम, जुन्या पिढीचा प्रोसेसर आणि अंधूक स्क्रीन असलेलं यंत्र. त्यावर खेळ तर होत नाहीच, दोन वर्षांनी कामही होत नाही. शिवाय आठवड्यातले तीन तास मन रमवावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. पोरगा किंवा पोरगी ती इच्छा बोलून दाखवते तेव्हा तिला उडवून लावलं तर पुढच्या वेळी ती खरी गरज सांगणार नाही, आणि निवड आणखी चुकेल. त्या तीन तासांना हिशेबात जागा द्यावीच. फक्त ती तीन तासांची जागा असावी.

यंत्र निवडण्यापूर्वी दोन आठवडे एक साधी नोंद ठेवा. काम किती तास, त्यातलं घराबाहेर किती, प्लगविना किती, आणि खेळ किती तास, कोणता. खेळाचा आकडा मनाने धरू नका, मन तो कधी फुगवतं तर कधी लपवतं. स्टीमवर खेळत असाल तर गेल्या दोन आठवड्यांत किती तास खेळलात ते तिथेच लिहिलेलं असतं. आताच्या लॅपटॉपची बॅटरी मूळची किती होती आणि किती उरली, याचा अहवाल विंडोजमध्येच काढता येतो; त्यावरून आपण तिला कसं वापरतो तेही कळतं. मग ज्या खात्यात तास जास्त, त्याच्या गरजा आधी लिहा. दुसऱ्या खात्याची गरज त्यातूनच भागते का ते तपासा. माझ्या अनुभवात कधीमधी खेळणाऱ्या बहुतेकांची भागते.

दुकानात जाल तेव्हा एक्सेलची फाईल उघडून स्क्रीनकडे पाच मिनिटं बघा. कीबोर्डवर एक परिच्छेद टाइप करा. लॅपटॉप एका हाताने उचला, आणि त्याचा चार्जरही मागवून उचला, कारण रोज दोन्ही न्यायचे आहेत. रॅमच्या स्टिक एक की दोन, डाखलेली की काढता येणारी, बॅटरी किती वॉट-तासांची, हे विचारा. हे सगळं करताना दुकानातला मुलगा तुम्हाला रंगीत दिवे दाखवेल. त्याला त्याचं काम करू द्या, आपण आपलं करा.

गेल्या वर्षी मी जुनं यंत्र विकलं आणि हलका लॅपटॉप घेतला. आता इचलकरंजीत वीज गेली तरी ३बी भरून होते आणि बॅटरी उरते. रात्री घरी येऊन त्याच लॅपटॉपवर भावाबरोबर खेळायला बसतो. पहिल्या दिवशी त्याने फोनवर विचारलं, "दादा, आज मागे पंखा लावलेला नाहीस का?" चार वर्षं माझ्या आवाजामागे जी घरघर तो ऐकत होता, ती खोलीतल्या पंख्याची आहे असं त्याला वाटत होतं.